१९९६ च्या शाळा-इमारतीवर वरचा मजला: आय.एस. ४५६ ची जुनी आवृत्ती धरावी की नवी?

प्रश्न: आरसीसी-हिंगणघाट

नमस्कार. मी हिंगणघाट तालुक्यात आरसीसी डिझाइनची लहानमोठी कामे करते. सध्या माझ्याकडे जवळच्याच एका गावातील शाळेचे काम आले आहे. तळमजल्यावर चार वर्गखोल्या आणि पुढे व्हरांडा असे हे फ्रेमचे बांधकाम १९९६ मध्ये पूर्ण झाले. आता वर दोन खोल्या चढवाव्यात अशी गावाची इच्छा असून त्यासाठी वर्गणीही जमू लागली आहे. मूळ गणिते कोणाकडेही नाहीत. शाळेच्या कपाटात नकाशाची एक निळी प्रत तेवढी मिळाली. घड्या पडल्या तिथली अक्षरे गेली आहेत, पण कोपऱ्यातील टिपा वाचता येतात: काँक्रीट एम १५ (म्हणजे चौरस मिलिमीटरला १५ न्यूटन सामर्थ्याचे), लोहा टॉर (पीळ दिलेली सळई), आय.एस. ४५६-१९७८ (काँक्रीट कामाची भारतीय संहिता) प्रमाणे, स्लॅबला १५ मिलिमीटर कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) आणि बीमच्या मधल्या भागात रिंगा (मुख्य सळयांभोवतीची कडी) ३५० मिलिमीटर अंतरावर.

गच्चीवर प्रत्येक कॉलमच्या चार सळया सुमारे दीड फूट वर सोडलेल्या आहेत. त्याकडे बोट दाखवून गावातील सर्वजण मला एकच सांगतात, की सळया सोडल्या आहेत म्हणजे वरचा मजला तेव्हाच धरलेला आहे, मग आता नव्याने हिशोब कशाला. माझी अडचण अशी आहे, की १९७८ च्या आवृत्तीप्रमाणे तपासले तर कॉलम जेमतेम बसतात, पण २००० च्या आवृत्तीत आरसीसीसाठी किमान एम २० सांगितलेले असल्यामुळे एम १५ घालून केलेले गणित तपासणीत टिकेल असे वाटत नाही, आणि एम २० लिहिले तर मी खोटे लिहिल्यासारखे होईल. भूकंपाच्या संहितेचेही तसेच आहे. इमारत बांधली तेव्हा आय.एस. १८९३ ची १९८४ ची आवृत्ती होती, त्यानंतर २००२ आणि २०१६ च्या आवृत्त्या आल्या. जुन्या भागाला जुनी संहिता आणि वरच्या मजल्याला नवी संहिता, अशी वाटणी करता येते का? ज्यांनी अशी कामे केली आहेत त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: निवृत्त उपअभियंता, यवतमाळ

मॅडम, अशी वाटणी करता येत नाही. एकच भार वरच्या मजल्यातून खालच्या कॉलममध्ये आणि तिथून पायात उतरणार आहे, त्यामुळे वाटेत संहिता बदलून चालत नाही. मात्र जुनी आवृत्ती बाजूला टाकण्याचीही चूक करू नका, कारण त्या इमारतीत काय भरलेले आहे हे तुम्हाला तीच सांगणार आहे. मी नेहमी असे करीत आलो, की जुनी आवृत्ती नकाशा वाचण्यासाठी हाताशी ठेवायची आणि निर्णय सध्या लागू असलेल्या आवृत्तीवर घ्यायचा.

आधी एम १५ विषयी. नव्या आवृत्तीत एम १५ शिल्लकच नाही, हा समज बराच पसरलेला आहे, पण तो बरोबर नाही. २००० च्या पुस्तकातील श्रेणींच्या तक्त्यात एम १५ आहे आणि काँक्रीटच्या कातर सामर्थ्याच्या तक्त्यात एम १५ चा स्वतंत्र रकाना आजही छापलेला आहे. मनाई आहे ती नवे आरसीसी त्या श्रेणीत करायला. उभ्या असलेल्या इमारतीची क्षमता काढताना जे काँक्रीट प्रत्यक्षात आहे त्याचेच सामर्थ्य सूत्रात घालावे लागते. तेव्हा तुम्ही १५ लिहिले तर त्यात गैर काही नाही. फक्त ते १५ नकाशावरून न घेता कोअर (काँक्रीटचा दंडगोल नमुना) काढून घ्या. नकाशावर एम १५ लिहिलेले असले तरी मिस्त्रीने त्या काळी १:२:४ चे घमेल्याने मोजलेले मिश्रण ओतले असेल, आणि पाणी किती घातले याची नोंद कुठेच सापडणार नाही.

दोन आवृत्त्यांमध्ये काय बदलले नाही, हेही पाहून घ्या, म्हणजे निम्मी चिंता कमी होईल. वाकण्याचे मूळ गणित तेच आहे. काँक्रीटमधील दाबाचा आलेख, ०.००३५ ही अंतिम विकृती, तटस्थ अक्षाच्या (दाब आणि ताण यांच्यामधल्या सीमारेषेच्या) खोलीची मर्यादा बीमच्या प्रभावी खोलीच्या टॉरसाठी ०.४८ पट आणि साध्या सळईसाठी ०.५३ पट, यांत फरक पडलेला नाही. म्हणूनच १९७८ च्या आवृत्तीवर १९८० मध्ये बेतलेले एस.पी. १६ या डिझाइन-पुस्तिकेचे आलेख आजही टेबलावर असतात. बदल झाला तो टिकाऊपणात आणि तपशिलात. काँक्रीटच्या स्थितिस्थापकतेचा गुणांक पूर्वी सामर्थ्याच्या वर्गमुळाच्या ५७०० पट धरत, आता ५००० पट धरतात. म्हणजे तेच काँक्रीट कागदावर सुमारे १२ टक्के मऊ झाले आणि झोल त्या प्रमाणात वाढला. उभ्या रिंगांमधील कमाल अंतर पूर्वी बीमच्या प्रभावी खोलीच्या पाऊणपट किंवा ४५० मिलिमीटर यांपैकी कमी असेल ते होते. २००० मध्ये त्या ४५० चे ३०० झाले. तुमच्या नकाशातील ३५० ची रिंग तेव्हा नियमात होती, आज ती नाही.

आता ज्या गोष्टीकडे मी सर्वांत आधी पाहिले असते ती सांगतो. त्या नकाशात जिना दाखवलेला आहे का? जिना नसेल, तर डिझाइन करणाऱ्याने छत ये-जा नसलेले मानून चौरस मीटरला फक्त ०.७५ किलोन्यूटन भार धरला असण्याची दाट शक्यता आहे. ये-जा धरली असली तरी १.५ किलोन्यूटन. वर्ग भरणार म्हटल्यावर आय.एस. ८७५ भाग २ (इमारतींवरील भारांची संहिता) प्रमाणे तोच आकडा ३ किलोन्यूटन होतो, आणि जिना व जाण्यायेण्याच्या मार्गिकेला ४. त्यात वरच्या खोल्यांच्या नऊ इंची विटांच्या भिंती आल्या. तीन मीटर उंचीची अशी भिंत बीमवर मीटरला सुमारे १४ किलोन्यूटन टाकते. खालच्या बीम छताचे म्हणून डिझाइन केलेले होते आणि तुम्ही त्यांना वरच्या मजल्याच्या जमिनीचे काम सांगणार आहात. आवृत्त्यांमधील सगळे फरक एकत्र केले तरी त्यांची बेरीज या एका फरकाएवढी होणार नाही.

शेवटी एक विनंती आहे. एका गणितात दोन आवृत्त्यांची कलमे मिसळू नका. जुन्या वर्किंग स्ट्रेस पद्धतीत (प्रत्यक्ष भाराखालचा ताण ठरीव मर्यादेत ठेवण्याच्या पद्धतीत) भूकंपासाठी अनुज्ञेय ताण एक तृतीयांशाने वाढवून घेण्याची सवलत होती. ती सवलत जुनी आणि भूकंपाचे बल नवे, अशी जोडणी केलेली गणिते मी तपासणीत पाहिली आहेत आणि ती परत पाठवावी लागली आहेत. त्यात लबाडी नव्हती. ज्याला जे पुस्तक हाताशी मिळाले त्याने ते उघडले, एवढेच झाले होते.

उत्तर: कनिष्ठ अभियंता, भंडारा

मला हा प्रश्न इतका गुंतागुंतीचा वाटत नाही. नव्या आवृत्तीत किमान कव्हर २० मिलिमीटर आहे आणि या स्लॅबला १५ आहे. त्यामुळे स्लॅब नियमबाह्य ठरतो आणि जुनी इमारत पाडून नवी बांधणे हाच सुरक्षित मार्ग आहे. लहान मुलांच्या जिवाचा प्रश्न असताना जुन्या संहितेचा आधार घेऊ नये.

उत्तर: संरचना सल्लागार, नागपूर

वरील उत्तरातील कळकळ योग्य आहे, पण कव्हरचे वाचन अपुरे आहे. २००० च्या आवृत्तीत सौम्य वातावरणासाठी २० मिलिमीटर कव्हर सांगितले आहे हे खरे, परंतु त्याच तक्त्याखालील टिपेत, मुख्य सळई १२ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक असेल तर ते ५ मिलिमीटरने कमी करण्याची मुभा आहे. वर्गाच्या स्लॅबमध्ये ८ किंवा १० मिलिमीटरच्याच सळया असतात, म्हणजे खोलीच्या आत १५ मिलिमीटर आजही बसते. शिवाय कव्हर कुठून मोजायचे, हेही बदलले आहे. १९७८ मध्ये बीमचे २५ मिलिमीटर मुख्य सळईपर्यंत मोजत असत, तर २००० च्या आवृत्तीतील कव्हर रिंगेसह सर्व लोखंडावर मोजायचे आहे. २५ मधून ६ मिलिमीटरची रिंग वजा केली तर १९ उरतात. आकडे शेजारी ठेवले की फरक मोठा दिसतो, पण व्याख्या वाचली की बहुतेक मिटतो. आकड्यांचीच तुलना करून इमारत पाडायला सांगू नये.

मात्र व्हरांड्याचा बाहेरचा भाग, गच्चीची कड आणि जमिनीखालचा पाया यांना सौम्य म्हणता येत नाही. ते मध्यम वातावरणात येतात आणि तिथे नव्या कामाला ३० मिलिमीटर कव्हर व किमान एम २५ लागते. आपल्याकडे खेड्यापाड्यांतील बहुतेक नकाशांवर पायापासून गच्चीपर्यंत सरसकट एम २० लिहिले जाते, याचे मला वाईट वाटते, कारण ही आवृत्ती येऊन पाव शतक झाले आहे.

आता भूकंपाविषयी. संहिता जुन्या इमारतीच्या मागे लागत नाही, पण इमारतीत भर घातली की ती लागू होते आणि हे आय.एस. १८९३ च्या २००२ च्या आवृत्तीत अगदी स्पष्ट लिहिलेले आहे. नवा भाग जुन्यापासून संरचनेच्या दृष्टीने वेगळा असेल, तर तेवढाच भाग नव्या इमारतीप्रमाणे डिझाइन करायचा. तो जुन्यावर अवलंबून असेल, तर संपूर्ण इमारत नव्या इमारतीच्या भूकंपविषयक गरजा पूर्ण करणारी हवी. यातून सुटण्यासाठी तीन अटी एकत्र पाळाव्या लागतात: नवा भाग स्वतः नियमात असला पाहिजे, जुन्या कोणत्याही घटकावरील भूकंपाचे बल ५ टक्क्यांहून अधिक वाढता कामा नये, आणि वाढले तर तो घटक वाढलेल्या बलालाही पुरेसा आहे हे दाखवता आले पाहिजे, आणि जुन्या कोणत्याही घटकाची ताकद आवश्यकतेखाली घटता कामा नये. एकमजली इमारतीवर अर्ध्या भागात का होईना मजला चढवल्यावर खालच्या कॉलमवरील बल ५ टक्क्यांच्या आत राहील, हे शक्य नाही. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर संहितेनेच दिले आहे: संपूर्ण इमारत चालू आवृत्तीवर तपासावी लागेल.

त्यातून किती फरक पडतो ते आकड्यांत पाहू. १९८४ च्या पद्धतीत मूळ गुणांक झोन (भूकंपाच्या धोक्यानुसार पाडलेला पट्टा; क्रमांक मोठा तितका धोका अधिक) एकसाठी ०.०१ आणि झोन दोनसाठी ०.०२ होता. झोन दोन, शाळेचा महत्त्व गुणांक १.५, मऊ मातीत टाय बीमने जोडलेल्या सुट्या फूटिंगसाठी १.२ आणि साध्या आरसीसी फ्रेमसाठी १.६ धरले, तर तळाचे बल वजनाच्या ५.७६ टक्के येते. २००२ आणि २०१६ या दोन्ही पद्धतींत झोन दोनचा गुणांक ०.१०, महत्त्व १.५, साध्या फ्रेमचा आर (बल कमी करणारा भाजक) ३ आणि भूकंप-प्रतिसादाच्या आलेखाचा कमाल आकडा २.५ धरला, तर ते ६.२५ टक्के होते. म्हणजे पूर्वी झोन दोनमध्ये असलेल्या गावाला फार काही बदलले नाही. पण जे गाव १९८४ च्या नकाशात झोन एकमध्ये होते त्याचे बल दुपटीहून अधिक झाले. किल्लारी झोन एकमध्येच होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथे काय झाले ते आपल्या पिढीला सांगावे लागत नाही. झोन एक रद्द होऊन झोन दोनमध्ये विलीन झाला तो मात्र २००२ मध्ये. तुमची शाळा या दोन वर्षांच्या मधली आहे. तेव्हा जुन्या नकाशावर गाव कोणत्या झोनमध्ये पडते ते आधी पाहा, म्हणजे त्या काळच्या अभियंत्याने काय धरले असेल याचा अंदाज येईल. माझ्या अनुभवात त्या काळातील एकमजली शाळांच्या गणितांत भूकंप बहुधा धरलेलाच नसतो.

२०१६ च्या आवृत्तीत आणखी एक बदल आहे, जो विश्लेषण करताना हमखास निसटतो: तडे गेलेला छेद धरून बीमचे जडत्व ३५ टक्के आणि कॉलमचे ७० टक्केच घ्यायचे आहे. सॉफ्टवेअरमध्ये जुनी फाइल उघडून तसेच गणित चालवले तर हे राहून जाते आणि सरक (भूकंपात इमारत बाजूला किती हलते ते) कमी दिसते. आय.एस. १३९२० ची तन्य तपशिलाची (भूकंपात फ्रेम एकदम न तुटता वाकावी अशा सळया-रिंगांच्या मांडणीची) सक्ती झोन दोनमध्ये नाही, तरी नव्या कॉलमच्या रिंगांना १३५ अंशांचे हूक देण्याचा खर्च नगण्य आहे आणि शाळेसाठी मी ते सोडणार नाही.

आय.एस. १५९८८ ही २०१३ ची संहिता जुन्या आरसीसी इमारतींच्या मूल्यमापनासाठी आहे आणि त्यात भूकंपाचे बल ०.६७ पट धरण्याची सवलत आहे. ती उभ्या इमारतीला आहे तशी जोखण्यासाठी आहे. त्याच इमारतीवर स्वतःहून नवे वजन ठेवताना ती सवलत घेणे मला मान्य नाही.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद: आरसीसी-हिंगणघाट

सर्वांची मनापासून आभारी आहे. उपअभियंता सरांनी जिन्याविषयी विचारले होते. नकाशा पुन्हा उघडून पाहिला. जिना कुठेच नाही, जिन्याची जागाही राखलेली नाही. गाव जे गृहीत धरून चालले होते त्याला इथेच पहिला तडा गेला.

त्यानंतर दोन दिवस जागेवर काढले. व्हरांड्याच्या बाहेरच्या बीमचा गिलावा फोडून ताज्या तुटलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन (सळईला गंजापासून जपणाऱ्या अल्कधर्मी काँक्रीटला गुलाबी करणारे द्रावण) फवारले, तेव्हा आतला गाभा गुलाबी झाला, पण बाहेरची कड रंगहीन राहिली आणि ती रंगहीन पट्टी रिंगेच्या मागे मुख्य सळईपर्यंत पोहोचलेली दिसली. खोलीच्या आतील बीममध्ये मात्र तसे नाही. तिथे रिंगेच्या आधीच गुलाबी रंग सुरू होतो. आधी रिबाउंड हॅमर (पृष्ठभागाच्या कडकपणावरून सामर्थ्याचा अंदाज देणारे उपकरण) मारला होता तेव्हा व्हरांड्याचे आकडे आतल्यापेक्षा चांगले आले होते आणि मी समाधान मानले होते. कार्बोनेशनमुळे (हवेतील कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये शिरल्यामुळे) पृष्ठभाग कडक होऊन हॅमर फसवा आकडा देतो, हे वाचलेले होते, पण डोळ्यांनी प्रथमच पाहिले.

एका कॉलमजवळ खड्डा घेतला. काळी माती पाच फुटांवर संपून मुरूम लागतो, पण फूटिंग चार फुटांवर, काळ्या मातीतच थांबलेले आहे. उन्हाळ्यात ही माती दगडासारखी वाटते आणि श्रावणात तिच्यात काठी रुतते. भारवहन क्षमता आणि फुगवटा यांची चाचणी करायला नमुने दिले आहेत, परंतु जादा भार या पायावर टाकण्याचा विचार मी तिथेच सोडला.

आता प्रश्न एवढाच उरला आहे, की गच्चीवरील सळयांविषयी गावाला काय सांगू. त्यांचा सगळा भरवसा त्या सळयांवर आहे.

उत्तर: निवृत्त उपअभियंता, यवतमाळ

सळयांविषयी गावाला मोजून दाखवा. स्लॅबच्या अगदी पृष्ठभागाशी, जिथे पावसाचे पाणी साचते, तिथे तारेच्या ब्रशने गंज काढा आणि व्हर्नियर लावा. सळई मुळात १६ मिलिमीटरची असेल आणि तिथे १३ भरली, तर छेदाचा एक तृतीयांश भाग गेला, आणि हे सरपंचांनाही तिथेच समजते. दुसरे माप लांबीचे घ्या. नवा कॉलम एम २५ मध्ये केला तरी १६ मिलिमीटरच्या ४१५ श्रेणीच्या सळईला ताणात सुमारे ६४५ मिलिमीटर जोड लागतो. दीड फूट म्हणजे ४५० होतात. ती लांबी भरून काढायला कोणी वेल्डिंग सुचवील, त्याला स्पष्ट नकार द्या. त्या काळची टॉर सळई थंड असताना पीळ देऊन मजबूत केलेली असते आणि वेल्डिंगच्या उष्णतेने तो पीळ देऊन आलेली ताकद जाते. सळईवर मळसूत्रासारखी फिरत गेलेली धार दिसते का ते पाहा, म्हणजे टॉर आणि आजची टीएमटी (पीळ न देता उष्णता-प्रक्रियेने मजबूत केलेली सळई) यांतला फरक लगेच कळतो.

खोल्या हव्याच असतील तर नागपूरच्या सरांनी सांगितलेली पहिली वाट तुमच्यासाठी मोकळी आहे. आवारात जागा असल्यास जुन्या इमारतीला लागून, पण तिच्यापासून पूर्ण सुटलेल्या दोन खोल्या तळमजल्यावरच घ्या. पाया मुरुमात न्या, जमिनीखाली एम २५ ठेवा आणि दोन इमारतींमधील फट ठरीव इंचांत न देता दोन्हींच्या सरकीचे गणित करून द्या. मग सगळे काम एकाच, चालू आवृत्तीवर होते आणि जुन्या फ्रेमवर एक किलोही वाढत नाही. अहवालाच्या पहिल्या पानावर प्रत्येक संहितेचे वर्ष आणि तिची सुधारणापत्रके लिहा; भारतीय मानक ब्यूरोच्या संकेतस्थळावर ती विनामूल्य उतरवून घेता येतात, आणि काम सुरू करण्याच्या दिवशी आवृत्ती बदललेली नाही ना, हे तिथेच पाहून घ्या.

व्हरांड्याचा तो बीम मात्र नव्या खोल्यांची वाट पाहत ठेवू नका. सैल काँक्रीट काढून, सळई घासून, दुरुस्ती मॉर्टरने कव्हर पूर्ववत करून घ्या आणि गच्चीवर सोडलेल्या सळया स्लॅबलगत कापून त्यांची तोंडे बंद करा, कारण त्यांच्या कडेने पाणी कॉलममध्ये उतरते आहे. हे पावसाळ्याआधी होऊ द्या.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद: आरसीसी-हिंगणघाट

काल शाळा समितीसमोर व्हर्नियर लावून मोजले. सहा कॉलमच्या सळया पाहिल्या. सर्वांत जाड १४.५ आणि सर्वांत बारीक १२.५ मिलिमीटर भरली. समितीने सुट्या खोल्यांना मान्यता दिली असून शाळेच्या मागची, बोरीच्या झाडापलीकडची जागा आखून दिली आहे. व्हरांड्याच्या बीमच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक या आठवड्यात देत आहे.